डेंग्यू : ताप उतरल्यानंतरची दक्षता कशासाठी?

पावसाळा ओसरू लागला की रुग्णालयातील तापाच्या रुग्णांची संख्या वाढू लागते आणि प्रशासन कार्यालयाकडे दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "प्लेटलेट्सची पिशवी कुठे मिळेल?" आणि दुसरा, "ताप उतरला आहे, तरी घरी का सोडत नाही?" दुसऱ्या प्रश्नामागे बिलाची चिंता असते आणि ती रास्तही असते. तथापि या दोन्ही प्रश्नांचे उत्तर हिशेबाच्या वहीत नसून पेशीच्या पटलात दडलेले आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तज्ज्ञ डॉक्टरांच्या सहवासात आणि वाचनातून जे उमगले, ते सभासद, देणगीदार व हितचिंतकांसमोर सोप्या शब्दांत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीभोवती मेद व प्रथिने यांचे अतिशय तलम पटल असते. काय आत घ्यावे आणि काय बाहेर ठेवावे, हे ते ठरवते. पेशीच्या आतही अशाच पटलांची घडीदार रचना असते. शालेय पुस्तकांत तिला 'आंतर्द्रव्यजालिका' म्हटले आहे. पेशीतील अनेक प्रथिने तेथे तयार होतात. डेंग्यूच्या विषाणूचे सारे कारस्थान या पटलांभोवती चालते.

हा विषाणू आकाराने सुमारे ५० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा सुमारे वीस हजारावा भाग. त्याच्या जनुकीय साखळीत जेमतेम १०,७०० अक्षरे असून त्यांवरून केवळ १० प्रथिने तयार होतात. मानवी पेशीजवळ सुमारे २०,००० प्रथिनांचे आराखडे असतात. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर विषाणूला पेशीचा ताबा घ्यावयाचा असतो. म्हणून तो स्वतःचे काही उभारण्याऐवजी पेशीचीच पटले वाकवून वापरतो.

पटलावरील तीन आघात

पहिला आघात प्रवेशाच्या वेळी होतो. विषाणूच्या बाह्य आवरणावर 'ई' नावाच्या प्रथिनाच्या १८० प्रती असतात. विषाणू पेशीला चिकटला की पेशी त्याला एका पिशवीत गुंडाळून आत घेते. या पिशवीत आम्लता वाढते. ती वाढताच 'ई' प्रथिने आपली ठेवण बदलतात, त्यांचे टोक पिशवीच्या पटलात रुतते आणि दोन्ही पटले एकमेकांत मिसळून जातात. विषाणूची जनुकीय साखळी पेशीच्या आत मोकळी होते. म्हणजे शत्रूला जेरबंद करण्याची कोठडीच त्याच्या प्रवेशाचे दार ठरते.

दुसरा आघात आतील जालिकेवर होतो. 'एनएस-४ए' व 'एनएस-४बी' ही विषाणूची प्रथिने जालिकेच्या पटलात रुतून बसतात आणि अन्य प्रथिनांच्या साहाय्याने त्या पटलाला आतल्या बाजूस फुगे आणतात. जर्मनीतील हायडेलबर्ग येथील शास्त्रज्ञांनी २००९ साली सूक्ष्मदर्शकाच्या आधारे या फुग्यांची त्रिमितीय चित्रे प्रसिद्ध केली. प्रत्येक फुग्याला सुमारे १० नॅनोमीटरचे चिमुकले तोंड असते. त्यातून कच्चा माल आत जातो आणि विषाणूच्या नव्या साखळ्या बाहेर पडतात. पेशीच्या पहारेकऱ्यांच्या नजरेआड चालणारा हा छापखानाच म्हणावयाचा! नव्या विषाणूंना वरचे आवरणही याच जालिकेच्या पटलातून मिळते.

तिसरा आघात रुग्णाच्या दृष्टीने सर्वाधिक महत्त्वाचा. 'एनएस-१' हे प्रथिन बाधित पेशीतून बाहेर पडून रक्तात मिसळते. तापाच्या पहिल्या दिवसांत केली जाणारी 'एनएस-१' चाचणी याच प्रथिनाचा शोध घेते. मात्र ते केवळ रोगाची खूण नव्हे. रक्तवाहिन्यांच्या आतून पेशींचे अस्तर असते आणि त्यावर शर्करायुक्त रेणूंचा मऊ थर असतो. रक्तातील द्रव आतच राखण्याचे काम हा थर करतो. 'एनएस-१' या अस्तराला चिकटले, की त्या पेशींचीच काही विकरे चेतवली जातात व हा थर कुरतडू लागतात. पेशींमधील सांधेही सैल होतात. अमेरिका व ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१५ साली स्वतंत्रपणे दाखवून दिले, की एकट्या 'एनएस-१'मुळेही रक्तवाहिन्या झिरपू लागतात. अर्थात हे एकमेव कारण नव्हे. शरीराची प्रतिकारशक्ती जी प्रखर प्रतिक्रिया देते, तिचाही यात वाटा असतो. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराची लागण होऊन गेल्यावर दुसऱ्याची झाली, तर आजार गंभीर होण्याचा संभव वाढतो.

याचा रुग्णाशी संबंध

रक्तवाहिनी फुटलेली नसते, ती पाझरत असते. त्यामुळे द्रव छाती व पोटाच्या पोकळीत साचतो, मात्र लाल पेशी वाहिनीतच राहतात. परिणामी रक्त दाट होते. 'हिमॅटोक्रिट' ही तपासणी हा दाटपणा मोजते. एखाद्या रुग्णाचा आकडा ४० वरून ४८ वर गेला, तर ही वाढ २० टक्के झाली. एवढी वाढ म्हणजे लक्षणीय पाझर, असे वैद्यकशास्त्र मानते.

हा पाझर बहुधा आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, नेमका ताप उतरण्याच्या सुमारास सुरू होतो आणि २४ ते ४८ तास टिकतो. म्हणूनच ताप उतरलेल्या रुग्णाला डॉक्टर थांबवून घेतात. या काळात मोजूनमापून दिलेले सलाईन प्राण वाचवते. पुढे वाहिन्या सावरतात व पाझरलेला द्रव रक्तात परततो. त्या वेळी सलाईन चालूच ठेवले, तर फुप्फुसात पाणी होऊन श्वास कोंडू शकतो. बाटली केव्हा लावावी याइतकेच ती केव्हा काढावी, हेही महत्त्वाचे असते.

आता प्लेटलेट्सविषयी. त्यांची घट आजाराची दिशा दाखवते, परंतु पिशवी चढवल्याने पाझर थांबत नाही. सिंगापूर व मलेशिया येथील ३७२ प्रौढ रुग्णांवरील अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. या रुग्णांच्या प्लेटलेट्स २०,००० किंवा त्याहून कमी होत्या. रक्तस्राव नसताना केवळ खबरदारी म्हणून प्लेटलेट्स दिल्याने पुढील रक्तस्राव टळला नाही, उलट दुष्परिणाम अधिक आढळले. रक्तस्राव होत असेल किंवा संख्या फारच खालावली असेल, तर डॉक्टर प्लेटलेट्स देतात आणि द्यावयासच हव्यात. मात्र ही पिशवी साधारण पाच दिवसच टिकते. निष्कारण चढवलेली एक पिशवी म्हणजे खऱ्या गरजूच्या वाट्याची एक पिशवी कमी, हे आपण ध्यानी घ्यावे.

सभासदांस विनंती

डेंग्यूच्या तापात ॲस्पिरिन व आयब्रुफेन टाळावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घ्यावे आणि भरपूर द्रवपदार्थ प्यावेत. पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, अस्वस्थता किंवा विलक्षण ग्लानी यांपैकी एकही लक्षण दिसल्यास, ताप नसला तरी, तत्काळ रुग्णालय गाठावे. हा डास प्रामुख्याने दिवसा चावतो आणि घरातील साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप, कुंड्यांखालच्या बशा व कूलर रिकामे करून कोरडे करावेत.

पटलाची ही झीज डोळ्यांना दिसत नाही. रुग्णशय्येच्या पायथ्याशी लावलेल्या तक्त्यावर मात्र तिचा हिशेब तासातासाने मांडला जात असतो. तो पूर्ण होईपर्यंत थोडा धीर धरावा, एवढीच नम्र विनंती.