कॉफीला गटाराचा वास

बेन कोहेन यांना वास जवळजवळ येतच नाही. तरी १९७८ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात जेरी ग्रीनफील्ड या मित्राबरोबर त्यांनी आइस्क्रीमचं दुकान काढलं. स्वाद नीट लागत नसल्यामुळे दाताखाली काहीतरी यावं, असा त्यांचा हट्ट असे. म्हणून आइस्क्रीममध्ये चॉकलेटचे, बिस्किटाचे ऐवजदार तुकडे पडू लागले आणि 'बेन अँड जेरीज'ची तीच ओळख झाली.

जिभेला कळतं फार थोडं: गोड, आंबट, खारट, कडू आणि मांस-टोमॅटोतला तो रुचकरपणा. बाकी सारा स्वाद नाकाचा. वास गेला की हापूस नुसता आंबटगोड गर उरतो. त्यामुळेच असे रुग्ण डॉक्टरांना सांगतात, "तोंडाला चव नाही." मिरचीचा ठसका मात्र त्यांनाही लागतो, कारण झोंबण्याची संवेदना वेगळ्या मज्जातंतूकडे असते. दिसत नाही तो आंधळा, ऐकू येत नाही तो बहिरा. वास न येणाऱ्याला बोलीत साधा शब्दही नाही. डॉक्टर त्या अवस्थेला 'ॲनॉस्मिया' म्हणतात.

वास टिपणाऱ्या पेशी नाकाच्या छताशी, जेमतेम टपाल तिकिटाएवढ्या जागेत असतात. त्यांच्यावर सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात. त्यांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली. २००४ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. या पेशींचे तंतू चाळणीसारख्या हाडातून मेंदूत जातात. दुचाकीवरून पडून डोक्याला जोराचा मार बसला, तर ते तिथेच तुटू शकतात. सर्दीचे विषाणू किंवा नाकात वाढलेले मांसल कोंब यांमुळेही वास जातो. कालमन सिंड्रोम असलेल्यांना तो जन्मापासूनच नसतो आणि त्यांचं वयात येणंही अडतं.

कोविडने हा विषय घराघरांत नेला. १३ जून २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने वास जाणं कोविडच्या लक्षणांत धरलं. हा विषाणू प्रामुख्याने गंधपेशींवर नव्हे, तर त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर हल्ला करतो. बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परतला तो त्यामुळेच.

काहींचा परतला, पण बिघडून. याला 'पॅरोस्मिया' म्हणतात आणि वास नसण्यापेक्षा तो अधिक छळतो. कॉफीला गटाराचा वास येतो, फोडणीतला कांदा-लसूण कुजल्यासारखा वाटतो, टूथपेस्टही तोंडात धरवत नाही. भाजलेल्या-परतलेल्या पदार्थांवर या विकाराचा विशेष रोख. ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये कॉफीच्या वासाचे घटक वेगळे करून रुग्णांना हुंगायला दिले, तेव्हा गंधकयुक्त अशा एका रेणूने सर्वाधिक जणांना मळमळवलं. निरोगी नाकाला तोच रेणू खमंग लागतो!

घरच्यांना हे पटवणं कठीण. ताट बाजूला सारणाऱ्या सुनेला "नखरे" हा शब्द ऐकावा लागतो, आणि बाहेरून पाहिलं तर नाक अगदी धडधाकट दिसतं. खरं तर हा बिघाड पुष्कळदा दुरुस्तीचीच खूण असतो. गंधपेशी आयुष्यभर नव्याने तयार होतात. नव्या तंतूंची जोडणी पुरी होईपर्यंत मेंदूला अर्धामुर्धा निरोप मिळतो.

काहीच जळत नसताना जळका वास येणं हा तिसरा प्रकार, 'फँटोस्मिया'. त्यामागे कधी अर्धशिशी किंवा अपस्मार असू शकतो. वास हळूहळू मंदावणं हे पार्किन्सनचं, हात थरथरण्याच्या कितीतरी वर्षं आधीचं, लक्षण असू शकतं. म्हणून कारण कळत नसेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवलेलं बरं.

वासाची परीक्षाही असते. अमेरिकेत रिचर्ड डोटी यांनी ४० वासांची, कागद खरवडून हुंगायची पुस्तिका बनवली. तिच्यात 'रूट बिअर' नावाच्या अमेरिकी पेयाचा वास आहे. तो आपल्याकडच्या ठणठणीत नाकालाही ओळखता येणार नाही.

हमखास औषध नाही, पण व्यायाम आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये रुग्णांना गुलाब, लिंबू, निलगिरी आणि लवंग हे चार वास दिवसातून दोनदा, १२ आठवडे हुंगायला लावले. काहींच्या नाकात फरक पडला. विषाणूने वास गेलेल्यांना हा व्यायाम आज जगभर सुचवला जातो. घरी अशी व्यक्ती असेल, तर तिला हे चार वास मिळवून द्या आणि स्वयंपाकघरात गॅसगळतीची सूचना देणारं यंत्र बसवा. सिलिंडरच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात दुर्गंधी मिसळलेली असते, आणि ती तिला येणार नाही.