दुखत नाही, म्हणून दाखवत नाही?

उपकेंद्रात तुम्ही तापाची गोळी मागायला येता आणि आम्ही सिस्टर मात्र तुमची पापणी ओढून बघतो, तोंड उघडायला सांगतो, मान चाचपतो. हे कशासाठी, ते आज सांगतो.

ही तपासणी आम्ही दिवसाच्या उजेडात करतो. बल्बच्या पिवळ्या प्रकाशात कातडीचा खरा रंग कळत नाही. आधी डोकं: उवा, खवडे, जखम आहे का? मग डोळे. खालच्या पापणीची आतली बाजू लालसर हवी. ती फिकी दिसली तर अंगात रक्त कमी असेल, म्हणून हिमोग्लोबिन तपासायचं. डोळ्याचा पांढरा भाग पिवळा दिसला तर काविळीची शंका.

तोंडात गालाच्या आतून आणि जिभेखाली बघतो. मिश्री किंवा तंबाखू लावणाऱ्या बायांनी तर तोंड दाखवायला लाजूच नये. पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तोंड पूर्ण उघडत नसेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

मानेला हात लावून गाठी बघतो. पाण्याचा घोट गिळताना गळ्यासमोरची गाठ वर सरकली, तर ती थायरॉईडची असू शकते. मानेच्या बाजूची गाठ दोन आठवड्यांनंतरही राहिली, तर टीबीची तपासणी करावी लागते.

आता कातडी. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, की आम्ही तुम्हाला डोळे मिटायला सांगतो आणि कापसाने त्यावर हलकेच स्पर्श करतो. स्पर्श कळला नाही, तर कुष्ठरोगाची शंका येते. कानाची पाळी जाड होणं, भुवया विरळ होणं, हीसुद्धा त्याची लक्षणं असू शकतात.

हा चट्टा दुखत नाही, खाजत नाही. म्हणून बाई तो पदराखाली झाकते. सासरी कळलं तर काय, ही भीतीही असतेच. पण उशीर झाला तर नसा खराब होतात, बोटं वाकडी होतात. चुलीचा चटका बसला तरी कळत नाही. वेळेत आलात तर सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं. प्रकारानुसार 6 किंवा 12 महिन्यांत रोग बरा होतो. औषध सुरू झालं, की थोड्याच दिवसांत दुसऱ्याला लागण होण्याची भीती राहत नाही. वेगळं ताट, वेगळं अंथरूण काही लागत नाही.

पाठीवरचा चट्टा आपला आपल्याला दिसत नाही. तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीनंतर दोघी-दोघींनी आडोशाला एकमेकींची पाठ बघा. काही दिसलं तर आशाताईंना सांगा, नाहीतर सरळ आमच्याकडे या. तुमची गोष्ट आमच्याकडेच राहील.