वास्तवदर्शी सर्किट शर्यतींचे व्हिडिओ गेम

वास्तवदर्शी सर्किट शर्यतींचे व्हिडिओ गेम हा शर्यतविषयक व्हिडिओ गेमचा एक उपप्रकार आहे. सर्किट, म्हणजे शर्यतीसाठी बांधलेला बंदिस्त मार्ग. अशा मार्गावरील मोटार शर्यतीचे भौतिकशास्त्राच्या नियमांना धरून केलेले अनुकरण हे या प्रकाराचे मुख्य लक्षण होय. या खेळांना सिम्युलेशन किंवा संक्षेपाने ‘सिम’ असेही म्हणतात. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स या घरगुती कन्सोलवर ग्रॅन टुरिस्मो, फोर्झा मोटरस्पोर्ट, एफ१ आणि असेटो कोर्सा या मालिका विशेष परिचित आहेत.

वास्तवदर्शित्वाचा आधार

मोटारीचा रस्त्याशी संपर्क चार टायरच्या साधारण तळहाताएवढ्या भागांपुरताच असतो. वेग वाढवणे, वेग कमी करणे आणि वळणे या तिन्ही क्रियांसाठी लागणारे बल याच भागांतून मिळते. या बलाला मर्यादा असते आणि ती तिन्ही क्रियांना मिळून असते. सर्व पकड ब्रेकसाठी खर्च झाली, तर वळण्यासाठी काहीच उरत नाही व मोटार सरळ पुढे जाते. म्हणून शर्यतीचा चालक बराचसा वेग सरळ मार्गावरच कमी करतो, वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडतो आणि बाहेर पडताना स्टिअरिंग सरळ होईल त्या प्रमाणात ॲक्सिलरेटर दाबतो. आर्केड प्रकारच्या खेळात ही शिस्त पाळली नाही तरी चालते. सिम्युलेशनमध्ये तिच्यावाचून फेरी पूर्ण करणे कठीण जाते.

दुसरी महत्त्वाची बाब म्हणजे भाराचे स्थलांतर. कन्नडहून चाळीसगावकडे औट्रम घाट उतरणाऱ्या बसमध्ये ब्रेक लागताच प्रवासी पुढे झुकतात आणि वळणावर बाहेरच्या बाजूला कलतात. मोटारीचा भारही असाच पुढे, मागे व बाजूंना सरकतो. ज्या चाकावर भार वाढतो त्याची पकड वाढते, ज्याच्यावरून कमी होतो त्याची घटते. वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटर एकदम सोडला की मागील चाके हलकी होऊन मोटार गिरकी घेते, त्याचे कारण हेच. उत्तम सिम्युलेशन अशा गिरक्या आधीच ठरवून ठेवत नाही. त्या गणितातून आपोआप निष्पन्न होतात. टायरचे तापमान, त्यांची झीज, इंधनाचे घटणारे वजन, हवेचा दाब आणि ओला रस्ता यांचाही हिशेब अनेक खेळांत केला जातो.

हे गणित पडद्यावरील चित्रापेक्षा जलद चालावे लागते. ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार सेकंदाला सुमारे ८३ मीटर अंतर कापते. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटत असतील, तर दोन चित्रांदरम्यान ती सुमारे १.४ मीटर पुढे गेलेली असते. ३० चित्रे असतील, तर सुमारे २.८ मीटर. टायरचे वर्तन इतक्या मोठ्या टप्प्यांनी मोजता येत नाही. म्हणून फोर्झा मोटरस्पोर्ट २ (२००७) या खेळात भौतिक गणिते सेकंदाला ३६० वेळा केली जात.

इतिहास

नामको कंपनीचा ‘पोल पोझिशन’ (१९८२) हा आर्केड खेळ जपानमधील फुजी स्पीडवे या प्रत्यक्ष सर्किटवर आधारलेला होता. वास्तवदर्शी सिम्युलेशनचा पाया मात्र वैयक्तिक संगणकांवर घातला गेला. पॅपिरस संस्थेचे ‘इंडियानापोलिस ५००’ (१९८९) व ‘ग्रां प्री लेजेंड्स’ (१९९८) हे खेळ या वाटचालीतील महत्त्वाचे टप्पे मानले जातात.

कन्सोलवर हा प्रकार रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने ग्रॅन टुरिस्मो या मालिकेला दिले जाते. काझुनोरी यामाउची यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला पहिला खेळ डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये प्रकाशित झाला. त्यातील सर्किटे काल्पनिक होती. परंतु रस्त्यावर दिसणाऱ्या साध्या मोटारींचे वर्तन एकमेकींपासून वेगळे जाणवावे, याकडे त्यात बारकाईने लक्ष दिलेले होते. त्याच वर्षी कोडमास्टर्सच्या टोका टूरिंग कार चॅम्पियनशिप या खेळात ब्रिटनमधील खरी सर्किटे आली. मायक्रोसॉफ्टची फोर्झा मोटरस्पोर्ट मालिका २००५ मध्ये सुरू झाली. संगणकावर घडलेला असेटो कोर्सा २०१६ मध्ये कन्सोलवर आला. पुढे सर्किटाचे लेझर किरणांनी मोजमाप करून रस्त्यावरचे लहान उंचवटेही खेळात उतरवण्याची पद्धत रूढ झाली.

नियंत्रण साधने आणि साहाय्ये

कन्सोलच्या हातातील कंट्रोलरवर स्टिअरिंगचे काम अंगठ्याने हलवायची छोटी कांडी करते. खऱ्या मोटारीचे स्टिअरिंग मोठ्या कोनातून फिरते, तर ही कांडी एक-दोन सेंटिमीटरच सरकते. त्यामुळे खेळ खेळाडूच्या हालचाली काहीशा मवाळ करून घेतो आणि वेग वाढेल तशी चाके कमी वळवतो. स्टिअरिंग संचावर ही तडजोड फारशी लागत नाही. ‘फोर्स फीडबॅक’ असलेल्या संचातील मोटर टायरवरील बलाची जाणीव हाताला करून देते. पकड सुटू लागली की स्टिअरिंग हलके पडते आणि पडद्यावर गिरकी दिसण्याआधीच खेळाडूला इशारा मिळतो.

नवशिक्यांसाठी चाके जाम होऊ न देणारी ब्रेक प्रणाली, चाके जागीच फिरू न देणारे कर्षण नियंत्रण आणि रस्त्यावर रंगाने दाखवलेली आदर्श रेषा अशी साहाय्ये असतात. सरावाबरोबर ती एकेक करून बंद करता येतात.

भारतीय सर्किट

ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट हे या खेळांतील भारताचे ठळक उदाहरण आहे. हर्मान टिल्के यांनी आखलेल्या या सर्किटची लांबी ५.१२५ किलोमीटर असून त्यात १६ वळणे आहेत. तिसऱ्या व चौथ्या वळणांदरम्यान सुमारे एक किलोमीटरचा सरळ मार्ग आहे. तेथील पहिली फॉर्म्युला वन शर्यत ३० ऑक्टोबर २०११ रोजी झाली. कोडमास्टर्सचा ‘एफ१ २०११’ हा खेळ मात्र सप्टेंबर महिन्यातच बाजारात आला होता. त्यामुळे सर्किटचे उद्घाटन होण्यापूर्वीच खेळाडूंनी पडद्यावर त्याच्या फेऱ्या मारल्या होत्या.

भारतीय ग्रां प्री २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीनच वर्षे झाली व तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल विजयी झाला. नारायण कार्तिकेयन याने पहिल्या दोन शर्यतींत भाग घेतला. अधिकृत एफ१ खेळ त्या त्या हंगामाच्या वेळापत्रकाचे अनुकरण करतात. त्यामुळे २०१३ च्या आवृत्तीनंतर हे सर्किट मालिकेतून वगळले गेले.

महाराष्ट्राचा या उद्योगाशी संबंध पुण्यामुळे येतो. ‘एफ१ २००९’ हा खेळ बनवणाऱ्या सुमो डिजिटल या ब्रिटिश संस्थेने २००७ मध्ये पुण्यात स्टुडिओ सुरू केला.

खेळापासून शर्यतीपर्यंत

सोनी व निस्सान यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या जीटी अकॅडमी या स्पर्धेत ग्रॅन टुरिस्मोच्या निवडक खेळाडूंना खऱ्या शर्यतींचे प्रशिक्षण दिले जाई. पहिला विजेता, स्पेनचा लुकास ओर्दोनेझ, २०११ च्या ल मां २४ तास शर्यतीत आपल्या वर्गात दुसरा आला. २०११ चा विजेता, ब्रिटनचा यान मार्डनबरो, पुढे व्यावसायिक चालक झाला. २०१४ मध्ये स्पर्धेत भारताचा समावेश झाला आणि अभिनय बिक्कानी भारतातून विजेता ठरला. सर्किट व वळणांची ओळख, ब्रेक लावण्याची नेमकी जागा आणि दीर्घकाळ एकाग्रता ही कौशल्ये पडद्यावरून रस्त्यावर नेता येतात, हे या स्पर्धेने दाखवून दिले.

खानदेशाच्या संदर्भात

जळगाव व धुळे जिल्ह्यांत कायमस्वरूपी मोटार शर्यत सर्किट नाही. बुद्ध सर्किट जळगावहून रेल्वेने हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. चेन्नईजवळील व कोइम्बतूर येथील सर्किटेही दूरच आहेत. धुळ्याहून इंदूरकडे जाणाऱ्या मार्गाच्या टापूत पिथमपूर येथे नॅट्रॅक्स संस्थेचा ११.३ किलोमीटर लांबीचा अतिवेगवान मार्ग आहे. २०२१ मध्ये सुरू झालेला हा मार्ग वाहनांच्या चाचणीसाठी असून शर्यतींचे सर्किट नव्हे. गो-कार्टपासून सुरू होणारे शर्यतीचे प्रशिक्षण खर्चिक असते आणि मोठ्या शहरांभोवती एकवटलेले आहे. अशा प्रदेशातील तरुणाला सर्किटची ओळख होण्याचा सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे कन्सोल होय. मुंबई–आग्रा व सुरत–नागपूर या महामार्गांवर वेगाची हौस भागवणे जिवावर बेतू शकते. खेळातील चुकीची किंमत मात्र एका फेरीपुरती असते.

येथील हवामानाचा परिणाम यंत्रावरही होतो. प्लेस्टेशन ५ साठी उत्पादकाने ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान योग्य ठरवले आहे, तर मे महिन्यात जळगाव–भुसावळ परिसराचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अति तापल्यास कन्सोल इशारा देऊन थांबतो. त्यामुळे उन्हाळ्यात यंत्राभोवती मोकळी जागा ठेवणे, झरोक्यांतील धूळ काढणे व सकाळी किंवा रात्री खेळणे सोयीचे ठरते.

मर्यादा

घरगुती कन्सोलवर वळणातील व ब्रेकचा शारीरिक ताण, उष्णता आणि अपघाताची भीती अनुभवता येत नाही. शरीराला वेगाची जाणीव न झाल्याने नवखा खेळाडू बहुधा उशिरा ब्रेक लावतो. ऑनलाइन शर्यतीत संदेश पोहोचण्यास ५० मिलिसेकंद लागले, तरी ताशी ३०० किलोमीटर वेगाने तेवढ्यात सुमारे ४ मीटर अंतर कापले जाते. प्रतिस्पर्ध्याचे स्थान त्यामुळे अंदाजाने दाखवावे लागते आणि कधीकधी न झालेली टक्करही झाल्याचे दिसते.

मोटारी व सर्किटे यांचे परवाने ठरावीक मुदतीचे असल्याने हे खेळ कायम विक्रीत राहत नाहीत. २०१७ मध्ये आलेला फोर्झा मोटरस्पोर्ट ७ सप्टेंबर २०२१ मध्ये विक्रीतून काढून घेण्यात आला. भारतीय ग्रां प्रीही त्या मालिकेच्या आज केवळ २०११ ते २०१३ या आवृत्त्यांतच खेळता येते. एखाद्या काळातील सर्किट, मोटारी व स्पर्धक यांची नोंद म्हणून जुन्या आवृत्त्यांच्या डिस्कना महत्त्व आहे ते यामुळेच.