गाठीचा वेगळा रिपोर्ट

शिरूर किंवा दौंडच्या लॅबमध्ये साध्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी लाखाच्या वर निघाल्या, की रुग्णाला पुण्याला पाठवतात आणि अनेकदा जुनाट रक्तकर्करोगाचं निदान होतं. पुढे काही वर्षं बरी जातात आणि मग मानेत, पोटात गाठ येते. ‘त्याच आजाराची असेल,’ असं घरचे म्हणतात; कधी डॉक्टरही तसंच धरून चालतात. तुकडा तपासल्याशिवाय असं धरून चालू नये. लिम्फोसाइट प्रकारच्या रक्तकर्करोगात ग्रंथी सुजतातच, म्हणून फसगत सोपी. पण त्या आजारात प्रतिकारशक्तीही खचते, त्वचेचे कर्करोग वाढतात आणि मर्केल सेल कार्सिनोमासारखी दुर्मिळ, झपाट्याने पसरणारी गाठही होऊ शकते. रक्ताच्या आजाराचा उपचार अशा वेळी पुष्कळदा थांबू शकतो. गाठ थांबत नाही.

मायलॉइड प्रकाराची तऱ्हा और. त्यावरची इमॅटिनिब ही गोळी अमेरिकेत २००१ साली मंजूर झाली आणि २००२ मध्ये जठर-आतड्यांच्या भिंतीतल्या ‘जिस्ट’ या दुर्मिळ गाठीसाठीही. दोन्ही आजार एकाच माणसात आढळल्याच्या मोजक्या नोंदी आहेत. मग एकाच गोळीत दोन्ही भागेल? नेहमी नाही. काढता येण्याजोगी गाठ शस्त्रक्रियेनेच काढतात, आणि काही जनुकीय बदलांमुळे गाठ या गोळीला दादच देत नाही. रक्त सुधारत राहतं, गाठ वाढत राहते.

‘सुई लागली की कॅन्सर पसरतो’ ही भीती गावोगाव आहे. नीट केलेल्या बायोप्सीत हा धोका नगण्य असतो. पोटातल्या नाजूक गाठीचा नमुना शक्यतो दुर्बिणीतून घेतात. खर्चाचा आक्षेप जास्त खरा. तरी १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिबवरचा नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला आणि महिन्याला लाखाच्या घरातल्या गोळीचे स्वस्त भारतीय पर्याय टिकले. इतक्या दुर्मिळ शक्यतेसाठी म्हाताऱ्या माणसाला मुंबईपर्यंत का हिंडवायचं, असंही विचारतात. हिंडवायची गरज बहुधा नसते: मेणात जतन केलेला तुकडा, म्हणजे ‘ब्लॉक’, वर्षानुवर्षं टिकतो आणि दुसऱ्या मतासाठी परळच्या टाटा रुग्णालयात नातेवाइकाला नेता येतो. तो ब्लॉक लॅबमधून मागून घ्यावा, रक्ताच्या फाइलीसोबत ठेवावा आणि गाठ तपासणाऱ्याला जुना रक्तकर्करोग आहे हे आधीच सांगावं.