विद्यापीठातील ‘स्टार्टअप’ स्पर्धा म्हणजे काय ?

मागील महिन्यात गटकचेरीत आपले एक सभासद आले. त्यांचा मुलगा वसईला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विरारला मामाकडे राहतो. पोराचा फोन आला होता, “आबा, विद्यापीठाच्या स्पर्धेत उतरतोय, यंत्र करायला दोन लाख पाहिजेत.” आबांचा प्रश्न साधा होता : ही परीक्षा आहे, शर्यत आहे, का पैसे उडवायचा धंदा ? उसाचे बिल अजून जमा व्हायचे होते, म्हणून सोसायटीचे कर्ज उचलावे की काय, असा त्यांचा विचार चालला होता. शिकणारी पोरं आता घरोघरी आहेत, म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडत आहे.

स्टार्टअप म्हणजे नवी कल्पना घेऊन काढलेला, वाढण्याची उमेद असलेला उद्योग. स्पर्धेत विद्यार्थ्याला पाच-दहा मिनिटे मिळतात. अडचण कोणाची, तोड काय, गिऱ्हाईक कोण, खर्च किती आणि हिशेब कसा बसतो, एवढे परीक्षकांपुढे सांगायचे. याला ‘पिच’ म्हणतात. पवईच्या आय. आय. टी. मधील ‘युरेका’ ही अशी स्पर्धा १९९८ पासून चालू आहे. राज्यातील विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही २००६ साली सुरू झालेली स्पर्धा मात्र संशोधनाची आहे, धंद्याची नव्हे. पुष्कळ मुले दोन्हींत गल्लत करतात. २०१८ पासून राज्याच्या नावीन्यता सोसायटीने स्टार्टअप सप्ताह भरवले. त्यांत निवड झालेल्यांना शासकीय खात्यांत काम करून दाखवण्यासाठी १५ लाख रुपयांपर्यंतचे कार्यादेश देण्याची पद्धत ठेवली. रोख बक्षिसापेक्षा ही पद्धत मला जास्त पटते.

खरे म्हणजे आपल्याला हे नवे नाही. विठ्ठलराव विखे पाटील प्रवरेच्या कारखान्यासाठी गावोगाव फिरून शेतकऱ्यांपुढे काय मांडत होते ? ऊस कुठे आहे, यंत्र कसे येणार, तुझ्या शेअरचे पुढे काय होणार, हेच ना ! धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ त्यांच्यासोबत होता. १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू झाले, तेव्हा ती मांडणी खरी ठरली.

आता आबांच्या पोराचे यंत्र. वसईची सुकेळी आपल्यापैकी काहींनी खाल्ली असतील. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात काही दिवस सुकवली की सुकेळी तयार होतात. (त्या वाड्यांत पूर्वी ऊसही होत असे, जुन्या ठाणे गॅझेटियरात त्याची नोंद आहे.) ऊन गेले, ढग आले की माल बिघडतो. म्हणून पोराला सुकवणीचे कपाट करायचे आहे. कल्पना चांगली, पण सौर सुकवणी यंत्रे बाजारात आधीच आहेत. परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारणार : तुझ्यात वेगळे काय ?

दुसरा प्रश्न उताऱ्याचा. तो आपल्या सभासदांना शिकवायला नको. शंभर किलो केळी घेतली, साल गेली की ढोबळ मानाने ६५ किलो गर राहतो आणि त्यातही बहुतांश पाणीच. म्हणजे वीस-पंचवीस किलोच्या आसपास सुकेळी हाती लागणार. एक किलो सुकेळ्यात चार-पाच किलो केळ्यांचा भाव, वर मजुरी, वीज आणि खराब निघालेला माल. हे न मांडता पोरगं नुसते “बाजार मोठा आहे” म्हणाले तर परीक्षक तिथेच थांबवतात, आणि बरोबर करतात.

दोन गोष्टींत फसगत होते, त्या नीट बघा. पहिली पेटंटची. यंत्रात खरेच नवे काही असेल तर ते सगळ्यांपुढे दाखवण्याआधी अर्ज करावा. एकदा जाहीर झाले की नवेपणा गेला असे धरले जाते, सवलती फार थोड्या. तात्पुरता अर्ज करता येतो, मात्र पूर्ण तपशील बारा महिन्यांच्या आत द्यावा लागतो. मुंबईचे पेटंट कार्यालय अँटॉप हिलला आहे. कल्पनेवर कॉलेजचा हक्क किती, हेही आधी लेखी विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट भागीची. कोणी म्हणाले, “पाच लाख देतो, दहा टक्के दे,” तर त्याने सगळ्या धंद्याची किंमत पन्नास लाख धरली, असा त्याचा अर्थ. सहकारात शेअर कितीही असले तरी सभासदाला मत एकच. कंपनीत साधारणपणे जितके शेअर तितकी मते. पोराने हौसेने निम्मे देऊन टाकले तर उद्या त्याच्याच यंत्रावर त्याचे चालणार नाही. मित्रामित्रांत भागी असेल तर तीही कागदावर यावी. स्पर्धा जिंकल्यावर भांडणे जास्त होतात, हरल्यावर कमी.

आबांना आम्ही सांगितले की कर्ज उचलू नका. बहुतेक स्पर्धांत पहिल्या फेरीला यंत्र लागत नाही, कागदावरची मांडणी पुरते. पोराने आधी आगाशीकडे जावे, सुकेळी करणाऱ्या दोन-चार घरी बसावे, माल किती बिघडतो ते त्यांच्याच तोंडून ऐकावे आणि वहीत लिहावे. नमुना करायचाच तर कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लहानसा करावा. आबांनी तिथूनच फोन लावला. पोरगा आधी रागावला, मग म्हणाला, “रविवारी जातो.”

पुढच्या आठवड्यात त्याने आबांना कळवले की एका घरच्या काकूंनी त्याला उलटेच सांगितले. सुकवण्यापेक्षा सोलायला माणसं मिळत नाहीत, ही त्यांची खरी अडचण. आता त्याने कपाट बाजूला ठेवले आहे आणि सोलणीच्या कामाला किती माणसे, किती तास लागतात ते मोजतो आहे. अर्जाची मुदत अजून तीन आठवडे आहे. दोन लाखांचे नाव त्याने पुन्हा काढलेले नाही.