मंगोलियाला जाताय? बॅग भरण्याआधी मन तयार करा

आपल्यापैकी अनेकांनी बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर पाहिले आहे. काही जण श्रीलंका, थायलंडला जाऊन आले आहेत. आता काही तरुण उत्तरेकडच्या एका वेगळ्या बौद्ध देशाकडे वळू लागले आहेत. तो देश म्हणजे मंगोलिया. मात्र तिथे जाण्याची तयारी इतर धम्मस्थळांच्या सहलीसारखी करून चालत नाही. मंगोलियाचा धम्म समजून घ्यायचा तर आधी तिथले भटके पशुपालक जीवन समजून घ्यावे लागते.

मंगोलियाचे क्षेत्रफळ सुमारे 15 लाख 64 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचपट. लोकसंख्या मात्र फक्त 35 लाखांच्या आसपास. त्यातले जवळपास निम्मे लोक राजधानी उलानबातरमध्ये राहतात. बाकीच्या गवताळ प्रदेशात आजही हजारो कुटुंबे मेंढ्या, शेळ्या, गाई-याक, घोडे आणि उंट घेऊन ऋतूप्रमाणे मुक्काम हलवतात.

इतिहास वाचून जा

1937 ते 1939 या काळात तिथल्या कम्युनिस्ट राजवटीने बौद्ध संघावर भीषण अत्याचार केले. शेकडो मठ जमीनदोस्त झाले, हजारो भिक्षूंना ठार मारले गेले. उलानबातरचा गंदन मठ 1938 मध्ये बंद पडला. 1944 मध्ये तो उघडला, पण सरकारी देखरेखीखाली. 1990 मध्ये तरुणांच्या आंदोलनाने लोकशाही आली आणि धम्म पुन्हा मोकळा श्वास घेऊ लागला. त्याच वर्षी लडाखचे कुशोक बकुला रिनपोछे भारताचे राजदूत म्हणून तिथे गेले आणि 10 वर्षे राहिले. मठ पुन्हा उभे करण्यातले त्यांचे योगदान मंगोलियन लोक आजही विसरलेले नाहीत. जून 2022 मध्ये भारतातून तथागतांचे कपिलवस्तूचे पवित्र अवशेष 11 दिवसांसाठी गंदन मठात नेण्यात आले होते. आपण भारतातून आलोय म्हटल्यावर तिथला माणूस आदराने पाहतो, त्यामागे हे सगळे आहे.

कागदपत्रे आणि सामान

पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी. व्हिसाचे नियम बदलत असतात, त्यामुळे एजंटच्या शब्दावर न राहता दिल्लीतील मंगोलियाच्या दूतावासाकडून खात्री करून घ्या. प्रवास विमा नक्की काढा. त्यात घोडेस्वारीतील अपघात आणि दुर्गम भागातून रुग्णाला हलवण्याचा खर्च येतो का, हे वाचून पाहा. राजधानी सोडली की मोठे रुग्णालय शेकडो किलोमीटर दूर राहते.

जून ते ऑगस्ट हा जाण्यासाठी चांगला काळ. 11 ते 13 जुलैला नादाम हा कुस्ती, घोड्यांच्या शर्यती आणि तिरंदाजीचा राष्ट्रीय उत्सव असतो. उन्हाळ्यातही रात्री थंडी पडते, म्हणून स्वेटर, कानटोपी आणि वाऱ्या-पावसाचे जाकीट हवेच. हिवाळ्यात पारा उणे 30 अंशांखाली जातो. चलन तुगरुग आहे. गावाकडे रोख रकमेशिवाय पर्याय नसतो. मुख्य आहार मांस आणि दुधाचे पदार्थ. मांस न खाणाऱ्यांची गवताळ प्रदेशात अडचण होते, त्यांनी कोरड्या खाण्याची सोय करूनच निघावे.

गेरमध्ये पाहुणे म्हणून

नमद्याच्या गोल तंबूला तिथे गेर म्हणतात. त्याचे दार दक्षिणेकडे असते. जवळ जाताना लोक 'नोखोई खोर' अशी हाक देतात, म्हणजे 'कुत्रा धरा'. कुत्रे राखणीचे असतात, त्यामुळे ही हाक केवळ रीत नाही, गरज आहे. उंबरठ्यावर पाय देऊ नका. आत गेल्यावर डावीकडे बसा. मधल्या दोन खांबांना टेकू नका. चुलीत कचरा टाकू नका आणि चुलीकडे पाय करून बसू नका. कुणी काही दिले तर उजव्या हाताने किंवा दोन्ही हातांनी घ्या.

पाहुण्याला मीठ घातलेला दुधाचा चहा आणि वाळवलेले दही मिळते. उन्हाळ्यात ऐराग, म्हणजे घोडीचे आंबवलेले दूध, पुढे येते. त्यात थोडे मद्य असते. इथे आपल्यासमोर खरा प्रश्न उभा राहतो. आपण पंचशील घेतलेले, बाबासाहेबांच्या 22 प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा घेतलेले. मग यजमानाचा मान राखायचा कसा? वाटी आदराने दोन्ही हातांत घ्या, ओठांपर्यंत नेऊन तशीच परत द्या. यजमान समजून घेतो. तोंड वाकडे करणे किंवा त्यालाच शीलाचे प्रवचन देणे मात्र टाळा.

वेगळा धम्म, वेगळी वाट

तिथली परंपरा वज्रयानाची आहे. मठांत तारा आणि अनेक उग्र देवतांच्या प्रतिमा दिसतील. डोंगराच्या वाटांवर दगडांचे ढीग दिसतील, त्यांना ओवो म्हणतात. लोक त्यांना प्रदक्षिणा घालतात. आपली नवयानी, बुद्धिवादी भूमिका वेगळी आहे आणि ती सोडण्याचे कारण नाही. आपण पूजा केलीच पाहिजे असे नाही. पण ज्या समाजाने आपले मठ जळताना पाहिले आणि घराघरात मूर्ती लपवून श्रद्धा जपली, त्याची थट्टा करण्याचा अधिकारही आपल्याला नाही. प्रश्न विचारा, ऐका, आणि विचारले तर बाबासाहेबांचा धम्म सांगा. मठाला भेट म्हणून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाची इंग्रजी प्रत नेता येईल.

शेवटची गोष्ट सर्वात महत्त्वाची. मंगोलियात भटके पशुपालक हे देशाचा अभिमान आहेत. आपल्याकडे मात्र 1871 च्या कायद्याने कित्येक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी गावाबाहेरच्या पालावर पोलिसांची संशयाची नजर आजही जाते. गेरमध्ये बसून फोटो काढण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: आपल्या तालुक्यातल्या पालावर मी कधी चहा प्यायला गेलो आहे का? उत्तर 'नाही' असेल, तर मंगोलियाच्या प्रवासाची तयारी तिथूनच सुरू करा.