परमुलखातील बाजार आणि घासाघीस

नागपूरच्या इतवारीत सराफाच्या पेढीवर गेलेले गिऱ्हाईक सोन्याच्या भावावरून सहसा वाद घालीत नाही. तो भाव त्या दिवसाचा असतो, आणि शेजारच्या पेढीवरही फारसा निराळा नसणार हे उभयपक्षी ठाऊक असते. खरी बोलाचाली होते ती घडणावळीवरून. मजुरी किती लावली, खड्यांचे वजन सोन्यात धरले काय, जुना दागिना मोडीत घेताना घट किती काढणार, हे प्रश्न घरची वडीलधारी बाई एकामागून एक विचारते. तीच बाई तासाभराने सीताबर्डीच्या रस्त्यावर ओढणी घेताना सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून आरंभ करते. तिच्या या दोन वागणुकींत विसंगती मुळीच नाही. किमतीतील कोणता अंश दुकानदाराच्या हातचा आहे आणि कोणता नाही, हे ओळखूनच ती बोलत असते.

परंतु विमानातून परमुलखात उतरताच ही दृष्टी बहुधा हरपते. कित्येक मंडळी संकोचाने सांगेल ती किंमत देऊन मोकळी होतात. कित्येक उलटपक्षी जेथे तेथे भाव पाडून मागू लागतात आणि स्वतःचे हसे करून घेतात. मुलीच्या लग्नासाठी वर्षानुवर्षे शिल्लक टाकलेला पैसा प्रवासाच्या चार दिवसांत खर्च व्हावयाचा असतो, तेव्हा या दोन्ही चुका महागात पडतात.

दुबईचेच उदाहरण घ्यावे. तेथील देइरा भागातील सोन्याचा बाजार पाहून नागपूरकर गृहस्थ प्रथम दिपून जातो. वस्तुतः तो इतवारीचाच थोरला भाऊ होय. 24, 22, 21 आणि 18 कॅरटचे दर ग्रॅमला किती दिरहम, हे रोज जाहीर होते. त्यावर घासाघीस करणे व्यर्थ. दुकानदाराच्या हाती राहते ती घडणावळ. समजा, 20 ग्रॅमच्या बांगडीवर ती शेकडा 15 सांगितली आणि बोलता बोलता 9 वर ठरली, तर 1.2 ग्रॅम सोन्याचे मोल वाचले. म्हणून दागिन्याची एकूण किंमत ऐकून ‘कमी करा’ म्हणण्यापेक्षा वजन, दर आणि मजुरी तिन्ही निरनिराळी मांडून घ्यावीत. असे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाशी तेथील विक्रेता लगेच निराळ्या सुरात बोलू लागतो.

तोळ्याने मात्र बोलू नये. खरा तोळा 11.66 ग्रॅमचा, पण हल्ली आपल्या पेढ्यांवर 10 ग्रॅमलाच तोळा म्हणण्याची सवय पडली आहे, आणि या दोहोंत जवळजवळ सहाव्या हिश्शाचा फरक येतो. दुबईस तोळा अपरिचित आहे असे नव्हे. तेथे आपला रुपयाच एके काळी चालत असे. 1959 मध्ये आखातासाठी निराळ्या रंगाच्या रुपयाच्या नोटा निघाल्या, आणि 1966 मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर त्या मुलखाने आमचा रुपया सोडला. दहा तोळ्यांच्या लगडी तर हिंदी गिऱ्हाइकासाठीच प्रसिद्ध होत्या; सुवर्णनियंत्रणाच्या दिवसांत त्यांतील पुष्कळ चोरवाटेने आपल्या किनाऱ्यास लागल्या. 1990 मध्ये तो कायदा रद्द झाला. पुढे 2024 च्या जुलैत सोन्यावरील आयातकर शेकडा 15 वरून 6 वर आणला गेला, तेव्हा दुबईच्या आणि येथील भावांतील अंतर एकाएकी आकसले. तेव्हा ‘दुबईचे सोने स्वस्त’ हे वाक्य आज्ञेप्रमाणे पाळण्याचे कारण नाही. जकातीची सवलत किती, हेही निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. ते नियम वारंवार बदलतात.

आता ज्या बाजारात भाव जाहीरच नसतो, त्याची गोष्ट. इस्तंबूलचा छपराखालचा मोठा बाजार पंधराव्या शतकापासून चालत आला आहे. त्यात साठांहून अधिक गल्ल्या आहेत. तेथे गालिचा पाहावयास बसले की प्रथम चहा येतो. चहा घेतला म्हणजे खरेदीचे बंधन येते, असे समजून आपली मंडळी उगाच अवघडतात. चहा हे केवळ आतिथ्य होय. बंधन येते ते निराळ्या ठिकाणी: आपण एखादी किंमत उच्चारावी, दुकानदाराने ती मान्य करावी, आणि मग आपण उठून चालू लागावे, हे तेथे असभ्यपणाचे समजतात. आणि ते यथार्थच आहे.

आपल्याकडील जुन्या व्यापाऱ्यांत व दलालांत नंदभाषा प्रचारात होती. तीत एकास केवली, दोहोंस अवारू, तिहींस उधानू म्हणत. गिऱ्हाइकासमक्ष किंमत ठरे आणि त्यास उमज पडत नसे. परमुलखात गेलेल्या मनुष्यास तर प्रत्येक भाषा नंदभाषाच! हल्ली बँकॉकचा फेरीवाला गणकयंत्रावर आकडा उमटवून पुढे करतो, गिऱ्हाईक तो पुसून आपला आकडा घालते, आणि सौदा मुक्यानेच पार पडतो. सोय खरी; मात्र आकडा कोणत्या चलनातला, हे खुणेने का होईना विचारून घ्यावे. दहा भातांसाठी एखाद्या म्हातारीशी पाव तास हुज्जत घालावी आणि सायंकाळी मोठ्या दुकानात चकार शब्द न काढता त्याच्या शंभरपट द्यावे, हा व्यवहार मात्र कोणत्याही हिशेबात बसत नाही.

एकच भाव ही पद्धत सर्वस्वी पाश्चात्त्य, असा समज आहे. तो खरा नव्हे. जपानात एदो शहरी 1673 मध्ये मित्सुई घराण्याने काढलेल्या एचिगोया या कापडाच्या दुकानात रोख पैसे आणि सर्वांस एकच किंमत असा परिपाठ सुरू झाला. पॅरिसच्या ‘बाँ मार्शे’ची कीर्ती त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी झाली. जपानी दुकानात आजही भाव पाडून मागणे बहुधा अनुचितच ठरते. आमचा आणखी एक गैरसमज छापील किमतीविषयी. येथे वेष्टणावर कमाल किंमत छापण्याचा कायदा आहे. बहुतेक देशांत तो नाही. त्यामुळे पाण्याची एकच बाटली स्थानकावर एका दराने आणि दोन गल्ल्या पलीकडे निम्म्या दराने मिळते, यात कोणी फसविले असे होत नाही.

खरा फटका बसतो तो पुष्कळदा अगदी अखेरीस. पत्राने पैसे देताना यंत्र विचारते, रुपयांत की तेथील चलनात? रुपया दिसताच आपला जीव भांड्यात पडतो आणि बोट तिकडे वळते. त्या रुपयांचा दर मात्र यंत्रवाल्याने आपल्या सोयीने लावलेला असतो. तेथे स्थानिक चलनच निवडावे.

बँकॉकच्या बाजारात सकाळी लवकर गेले, तर घासाघीस थोडक्यात आटोपते. पहिल्या विक्रीची नोट हाती आली की ती विक्रेती ती नोट मांडलेल्या सगळ्या मालावर हलकेच टेकवीत जाते. सीताबर्डीवर बोहनीची नोट कपाळास लागलेली पाहिलेल्या नागपूरकरास ती खूण कोणी समजावून द्यावी लागत नाही.